शेवटचे पाच सेकंद

कल्पना करा. 4 एप्रिल 2016 ची रात्र आहे. तुम्ही अमेरिकेतील ह्यूस्टन शहरात पाहुणे म्हणून गेला आहात. महाविद्यालयीन बास्केटबॉलचा अंतिम सामना तुम्ही प्रथमच पाहत आहात. सत्तर हजारांहून अधिक प्रेक्षक जमले आहेत. तुम्हाला नवल वाटते. खेळणारे तर विद्यार्थीच! त्यांच्यासाठी एवढी गर्दी?

शेजारचे गृहस्थ समजावून सांगतात, "स्पर्धेत 68 संघ होते. जो एकदा हरला, तो बाहेर. आता व्हिलनोव्हा आणि नॉर्थ कॅरोलिना हे दोनच उरले."

दुरून टाकलेला चेंडू बास्केटमध्ये पडला, तर तीन गुण मिळतात. नॉर्थ कॅरोलिनाच्या मार्कस पेजने असे तीन गुण मिळवून 74-74 अशी बरोबरी साधली. पाच सेकंदही उरले नव्हते. तेवढ्यात व्हिलनोव्हाच्या क्रिस जेन्किन्सने चेंडू टाकला. चेंडू हवेत असतानाच वेळ संपली. सर्वांनी श्वास रोखला. चेंडू बरोबर बास्केटमध्ये! व्हिलनोव्हा 77-74 असा विजयी झाला.

तुम्ही टाळ्या वाजवता. गृहस्थ हळूच म्हणतात, "हरलेल्या संघातील नेट ब्रिट हा जेन्किन्सचा मानलेला भाऊ. जेन्किन्स त्याच्याच आईवडिलांच्या घरी वाढला."

तुमचे हात थांबतात. एकाच घरात विजयही आला आणि पराजयही. त्या आईवडिलांनी हसावे की रडावे?

मित्रांनो, मैदानात समोर उभा असतो तो प्रतिस्पर्धी, शत्रू नव्हे. कदाचित तो आपला भाऊही असेल.

स्वाध्याय
1. प्रेक्षकाला कशाचे नवल वाटले?
2. टाळ्या वाजवणारे हात का थांबले?