पगारपत्रकातले मावशींचे पाच हजार

बहिणीचा खरा पगार ११,५०० रुपये. पगारपत्रकावर आकडा १६,५००. मधले ५,००० तिच्याजवळ बसून काम दाखवणाऱ्या मावशींचे. दर महिन्याला पगार जमा झाला की मी एटीएममधून तेवढे काढायचो आणि मावशींच्या हातात द्यायचो. बहिणीला कामावर लावणाऱ्या ठेकेदाराच्या दृष्टीने हा सोपा मार्ग होता. एकच नाव, एकच खातं, हिशेब संपला. आमच्या दृष्टीने मात्र या पाच हजारांनी बहिणीचं कुटुंब निवृत्तिवेतन अडकवलं.

बहिणीला बौद्धिक अक्षमता आहे. प्रमाणपत्र घाटी रुग्णालयाचं, यूडीआयडी हे दिव्यांगांचं ओळखपत्रही आहे. वडील टपाल खात्यात होते. ते गेले, मग आई गेली, आणि निवृत्तिवेतन बहिणीच्या नावावर आलं. केंद्र सरकारच्या नोकरदाराचं अपत्य दिव्यांगत्वामुळे स्वतःचं पोट भरू शकत नसेल, तर त्याला ते आयुष्यभर मिळतं. पालक म्हणून कागदावर माझं नाव आहे. त्यासाठी राष्ट्रीय न्यास कायद्याखालची स्थानिक स्तर समिती असते, जिल्हाधिकारी तिचे अध्यक्ष असतात. मूल अठरा वर्षांचं झालं की आईबापही कायद्याच्या नजरेत आपोआप पालक राहत नाहीत, हे पुष्कळ घरांना माहीतच नसतं. आईबाप हयात आहेत तोवर हे काम उरकून घ्या आणि निवृत्तिवेतनाच्या आदेशात दिव्यांग मुलाचं नाव चढवून घ्या. नंतर मृत्यूचे दाखले हातात घेऊन हीच धावपळ करणं फार जड जातं.

चिकलठाणा एमआयडीसीतल्या एका पॅकिंगच्या कामावर ती लागली तेव्हा सिडकोतल्या आमच्या गल्लीत एकच चर्चा. ‘पेन्शन घालवशील बरं पोरीची.’ सांगणाऱ्यांचं म्हणणं असं की काम केलं म्हणजे कमावती झाली आणि कमावती झाली म्हणजे पेन्शन बंद. नियम तसा नाही. ८ फेब्रुवारी २०२१ रोजी केंद्र सरकारने जाहीर केलेला निकष असा: निवृत्तिवेतन सोडून अपत्याचं एकूण उत्पन्न, नोकरदाराच्या शेवटच्या पगाराच्या ३० टक्के अधिक त्यावरची महागाई मदत, एवढ्यापेक्षा कमी असेल तर ते अपत्य ‘स्वतःचं पोट भरत नाही’ असंच धरलं जातं. त्याआधी वडिलांचा पगार काहीही असो, सगळ्यांना ९,००० अधिक महागाई मदत अशी एकच मर्यादा होती.

आमचं गणित असं. वडिलांचं शेवटचं मूळ वेतन ३४,०००. त्याचे ३० टक्के १०,२००. महागाई मदत ५८ टक्के धरली तर मर्यादा येते १६,११६ रुपये. बहिणीचे ११,५०० तिच्या खूप खाली. मावशींचे ५,००० धरले की १६,५००, म्हणजे मर्यादेच्या पावणेचारशे रुपये वर. बँकेत वार्षिक दाखल्यासोबत पगारपत्रक दिलं आणि पुढच्या महिन्यात निवृत्तिवेतन आलंच नाही. खिडकीवरच्या माणसाचा यात काही दोष नाही. त्याच्यासमोर जो कागद होता, तो हेच सांगत होता.

मुळात मावशींची मदत कशासाठी होती, हेही सांगतो. बहिणीला डब्यावर लेबल लावायला, पाकिटात मोजून नट भरायला येतं. पण मालाचा क्रम बदलला की ती गोंधळते. म्हणून टेबलासमोर चित्रांची पाटी, आठऐवजी सहा तासांची पाळी, आणि सुरुवातीचे महिने जवळ एक मावशी. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये अशा गोष्टींना वाजवी सोयसुविधा म्हटलंय. खासगी कंपनीलाही समान संधी धोरण तयार करावं लागतं आणि दिव्यांग कर्मचाऱ्यांसाठी कोणत्या सोयी आहेत, हेही त्यात लिहावं लागतं. म्हणजे मावशींचा खर्च हा कंपनीचा खर्च, बहिणीची कमाई नव्हे. यंत्राला तेल घातल्याचा खर्च कोणी कामगाराच्या पगारात धरतं का?

आणि नुकसान फक्त निवृत्तिवेतनाचं नव्हतं. १६,५०० वर कामगार विम्याची वर्गणी बहिणीच्या नावाने कापली जात होती आणि मावशी मात्र कोणत्याच रजिस्टरमध्ये नव्हत्या. उद्या त्यांच्या बोटावर काही पडलं असतं तर त्या तिथे कामाला होत्या हे सिद्ध कशावरून करायचं?

अमेरिकेत असलेल्या मराठी घरांना हे ऐकून नवल वाटणार नाही, कारण तिकडचं सोशल सिक्युरिटी खातं मदतीचा खर्च आणि कमाई यांत फरक करतं. मालक जादा देखरेख देत असेल किंवा कमी काम घेऊन पूर्ण पगार देत असेल, तर त्या मदतीची किंमत पगारातून वजा करून मगच त्या माणसाची खरी कमाई ठरवतात. दिव्यांगत्वामुळे कामासाठी पदरचा खर्च करावा लागत असेल तर तोही वजा होतो. आपला नियम सरळ ‘एकूण उत्पन्न’ विचारतो. म्हणून वजाबाकी आधीच, पगारपत्रक तयार होतानाच झालेली असली पाहिजे. दाखल्याच्या वेळी तोंडी सांगून काही उपयोग नाही.

आमचं प्रकरण मार्गी लागलं ते कंपनीच्या एका पत्राने आणि सुधारित पगारपत्रकांनी. पत्राचा मसुदा करताना एका हितचिंतकाने सल्ला दिला, ‘लिहून घ्या, की तिला काम जमत नाही, फक्त दयेने ठेवलंय.’ हा सल्ला घातक आहे. असं पत्र निवृत्तिवेतन वाचवेल कदाचित, पण तिची नोकरी त्याच कागदाने जाईल, आणि ते खोटंही आहे. पत्रात तीनच गोष्टी हव्यात: तिला स्वतःला किती पैसे मिळतात, कोणती सोय दिली जाते, आणि त्या सोयीचे पैसे कोण कोणाला देतं. तिची कुवत काय, यावर एक ओळही नको.

आणखी एक वाट ठेकेदाराने दाखवली होती: ‘नाव काढून टाकतो, रोख हातात देतो, तुमचं पेन्शन शाबूत.’ ऐकायला गोड. पण नाव निघालं की कामगार विमा गेला. कामावर दुखापत झाली आणि कायमचं अपंगत्व आलं तर त्या विम्यातून मिळणारा लाभ पुढे नोकरी चालू असतानाही मिळत राहतो, त्यावर पाणी सोडायचं? दिव्यांग कामगाराला तर त्या योजनेत पगाराची मर्यादाही जास्त आहे, २१,००० ऐवजी २५,०००. शिवाय नाव नसलेल्या माणसाने सोय मागायची कुणाकडे?

ज्यांच्या घरी सरकारी निवृत्तिवेतन नाही त्यांचा प्रश्न अधिक कठीण आहे. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांगांना महिना २,५०० रुपये मिळतात, पण कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५०,००० च्या आत हवं. म्हणजे महिन्याला ४,१६६ रुपये. वाळूज असो की शेंद्रा, पूर्ण वेळेची कुठलीही नोंद असलेली नोकरी ही मर्यादा पहिल्याच महिन्यात ओलांडते. तिथे मदतनिसाचे पैसे वेगळे काढूनही अनुदान वाचत नाही. माझं स्पष्ट मत: नोकरी घ्या. पण ठेकेदारीतली नोकरी तुटते आणि अनुदानाची फाइल पुन्हा पहिल्यापासून उभी करावी लागते, तेव्हा काम सुटल्याचा कागद, जुना मंजुरी आदेश आणि बँकेचा उतारा जपून ठेवा. ५०,००० ची ही मर्यादा माणसाला घरी बसवणारी आहे. डिसेंबर २०२२ मध्ये राज्याने दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग काढला. त्या विभागाने निदान हा आकडा तरी किमान वेतनाशी जोडावा.

भीतीपोटी लोक ज्या सवलती जातील म्हणतात, त्यातल्या बऱ्याच उत्पन्नाला बांधलेल्याच नाहीत. एसटीची ७५ टक्के सवलत, यूडीआयडी कार्ड, निरामय योजनेचा एक लाखाचा आरोग्य विमा, यांचा पगाराशी संबंध नाही. बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तीच्या पालकांना व्यवसाय कर माफ असतो, तोही तिच्या नोकरीने जात नाही. कामावर सोय घेतली म्हणून प्रमाणपत्रावरची टक्केवारीही घटत नाही. ती वैद्यकीय मंडळ ठरवतं, सुपरवायझर नव्हे. कोणाच्या सांगण्यावरून खुर्ची, पाटी किंवा मदतनीस नाकारू नका.

राज्य सरकारी कुटुंब निवृत्तिवेतनाचे नियम वेगळे आहेत, ते कोषागारातून लेखी घ्या. बाकी घाई एकाच ठिकाणी करायची आहे. नेमणुकीचं पत्र हाती येताच, पहिला पगार होण्याआधी, पगारपत्रकाचा नमुना मागून घ्या. ये-जा भत्ता रोख देणार असतील तर तोही उत्पन्नात धरला जाऊ शकतो, म्हणून त्याऐवजी कंपनीच्या गाडीची सोय होते का, ते विचारा. मदतनिसाचे पैसे आपल्या माणसाच्या नावावर दाखवलेले दिसले, तर ते वेगळे होईपर्यंत सही करू नका.