धोक्याची घंटा आणि उमेदवारीचा कागद

गेल्या उन्हाळ्यात दहावीचा निकाल लागला आणि दुसऱ्याच दिवशी आमच्या मलकपेठेतील एक माऊली मुलाला घेऊन माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "आपा, कोठीला एका अलार्मच्या दुकानात याला घेतो म्हणतात. शिडी धरायची, तारा ओढायच्या. दोन वर्षे पगार नाही, पण काम शिकवू म्हणतात. पाठवू का?"

मी शाळेत विज्ञान शिकविते. तारांविषयीचा प्रश्न असता तर उत्तर तोंडावर होते. परंतु येथे एका मुलाच्या आयुष्यातील दोन वर्षांचा सवाल होता. म्हणून मी त्यांना दोन दिवस थांबा म्हटले. त्या दोन दिवसांत विचारपूस करून जे हाती आले, ते आपल्या ट्रस्टच्या सर्व कुटुंबांच्या उपयोगी पडावे म्हणून या स्मरणिकेत मांडीत आहे.

प्रथम हे सांगते की धंदा चांगला आहे. २१ फेब्रुवारी २०१३ रोजी शेजारच्या दिलसुखनगरात झालेले बाँबस्फोट आपण कोणीच विसरलेलो नाही. त्याच वर्षी सार्वजनिक सुरक्षेचा कायदा झाला आणि गर्दीच्या ठिकाणी कॅमेरे बसविणे व त्यांतील चित्रण ३० दिवस जपून ठेवणे बंधनकारक झाले. दुकाने, शाळा, दवाखाने, लग्नाचे हॉल या सर्वांना बसविणारे हात हवे झाले. कॅमेऱ्यामागोमाग चोराची घंटा, आगीची घंटा, दाराचे विजेचे कुलूप हीही कामे आली. एकदा बसविलेल्या यंत्राची देखभाल वर्षानुवर्षे करावी लागते, म्हणून हे काम लवकर संपणारे नाही.

आता या कामात शिकण्यासारखे काय आहे ते पाहू. १८५३ साली अमेरिकेत ऑगस्टस पोप नावाच्या गृहस्थाने विजेवर चालणाऱ्या चोरघंटेचे पेटंट घेतले. दार उघडले की परिपथ पूर्ण होई आणि घंटा वाजे. यात एक मोठी उणीव होती. चोराने आधी तारच कापली, तर घंटा मुकी! आजच्या रचनेत क्रम उलटा असतो. दाराच्या चौकटीत काचेच्या बारीक नळीत लोखंडी पट्ट्यांची एक जोडी असते आणि दारावर लोहचुंबक. दार बंद असताना चुंबकामुळे पट्ट्या चिकटून राहतात व प्रवाह वाहत असतो. दार उघडले किंवा तार तुटली की प्रवाह खंडित होतो आणि मुख्य पेटी भोंगा वाजविते. वीज गेली तरी काम चालावे म्हणून पेटीत १२ व्होल्टची बॅटरी असते. खोलीत फिरणारा माणूस ओळखणारे यंत्र त्याच्या अंगातून निघणारी उष्णता टिपते. म्हणून ते उन्हाच्या झोतासमोर वा चुलीसमोर बसवू नये.

यापुढची गोष्ट खऱ्या कारागिराची कसोटी आहे. तारेच्या शेवटच्या टोकाला, म्हणजे दाराजवळ, एक छोटा रोधक जोडावयाचा असतो. पेटी सतत तो रोध मोजते. कोणी तार कापली किंवा दोन तारा एकत्र जोडून पेटीला फसवू पाहिले, तरी तिला फरक कळतो. परंतु शिडी चढण्याचा कंटाळा करणारा माणूस तो रोधक पेटीतच जोडून मोकळा होतो. मग वाटेत तारा एकत्र जोडल्या तरी पेटीला कळत नाही. घंटा चाचणीत वाजते, गिऱ्हाईक पैसे देतो, आणि चूक चोरीच्या रात्रीपर्यंत भिंतीत लपून राहते.

काही वर्षांपूर्वी माझा एक विद्यार्थी अशाच एका दुकानात कामाला लागला. त्याने दोन वर्षे शिडी वाहिली. रोधक पेटीतच जोडावा, असेच त्याला शिकविले गेले होते. खरी रीत त्याला पुढे दुसऱ्या ठिकाणी कळली. दुकान सोडताना त्याच्या हाती ना प्रमाणपत्र होते ना अनुभवाची चिठ्ठी. नव्या मालकाने विचारले, "काय शिकलास?" तर दाखवायला हातावरच्या घट्ट्यांशिवाय काही नव्हते. शिकण्याच्या नावाखाली त्याची फुकट राबणूक झाली होती.

हे टाळण्यासाठीच आपल्या देशात १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा आहे. त्याचे सार पालकांनी ध्यानात ठेवावे. मालक व उमेदवार यांच्यात लेखी करार होतो आणि त्याची सरकारदरबारी नोंद होते. उमेदवार अज्ञान असेल तर पालक सही करतात. दरमहा विद्यावेतन द्यावे लागते. २०१९ च्या नियमांनी दहावी झालेल्यास किमान ६,००० रुपये आणि आयटीआय झालेल्यास ७,००० रुपये ठरविले. हे दर सरकार वेळोवेळी बदलते, म्हणून सही करताना चालू दर पाहावा. कामावर दुखापत झाल्यास भरपाईची तरतूद आहे. ३० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला उमेदवार घेणे बंधनकारक आहे. ४ ते २९ माणसांच्या आस्थापनेला ते ऐच्छिक आहे. मात्र मुदत संपल्यावर नोकरी दिलीच पाहिजे असे बंधन मालकावर नाही, हेही समजून असावे.

अलार्म बसविण्याचा वेगळा अभ्यासक्रम शोधत फिरू नये. या धंद्याचा दरवाजा इलेक्ट्रिशियन, वायरमन आणि इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक या आयटीआयच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमांतून उघडतो. आपल्याला मल्लेपल्लीची सरकारी आयटीआय जवळ आहे. ती पुरी केलेल्या मुलांना १९६७ साली स्थापन झालेल्या येथील ईसीआयएलसारख्या सरकारी कारखान्यातही उमेदवारीसाठी अर्ज करता येतो. ही संस्था सुरक्षायंत्रणाही तयार करते. ज्यांना थोड्या मुदतीत शिकायचे आहे, त्यांच्यासाठी इलेक्ट्रॉनिक्स क्षेत्राच्या कौशल्य परिषदेचा सीसीटीव्ही बसविणाऱ्या तंत्रज्ञाचा अभ्यासक्रम आहे.

आणि जो मुलगा आधीच एखाद्या लहान दुकानात लागला आहे, त्याने काय करावे? दुकानात मालक आणि दोनच माणसे असतील तर कायद्याचा करार होणार नाही. तरीही कामाच्या अटी व मुदत कागदावर मागून घ्यावी. रोज एक वही लिहावी: तारीख, कोणते यंत्र, काय बिघाड, कसा दुरुस्त केला. गिऱ्हाइकाचे नाव किंवा पत्ता तीत लिहू नये. पुढे पूर्वानुभवाला मान्यता देणारी परीक्षा देताना ही वही तयारीला उपयोगी पडते.

मालकाकडे जाताना मुलाने आईबापांबरोबर जावे आणि नम्रपणे चार प्रश्न विचारावेत. करार नोंदविणार का? विद्यावेतन किती? उंचावर चढताना कमरेचा पट्टा मिळेल का? आणि शिकविणारा कारागीर स्वतः कोठे शिकला? चांगला मालक या प्रश्नांनी रागावत नाही. जो रागावेल, त्याचे दुकान सोडलेले बरे.

शेवटी एक गोष्ट, जी कोणत्याही आयटीआयच्या परीक्षेत विचारीत नाहीत. हा कारागीर लोकांच्या घरात शिरतो. कोणत्या खिडकीला घंटा नाही, पेटीचा गुप्त आकडा कोणता, घरातील माणसे केव्हा बाहेर जातात, हे त्याला कळते. आमच्या घरात अशा ठेव्याला अमानत म्हणतात. घरमालकाने काम संपताच आकडा स्वतः बदलावा आणि कारागिरानेच त्याला तशी आठवण द्यावी. मित्रांच्या गप्पांतही एका घराची माहिती बाहेर गेली, तर त्या मुलावर पुन्हा कोणी दार उघडणार नाही.

म्हणूनच ट्रस्टला माझी एक विनंती आहे. आपल्या सभासदांत इलेक्ट्रिशियन आहेत, कंत्राटदार आहेत, दुकानदार आहेत. जे करार करून उमेदवार घेण्यास तयार असतील, त्यांच्या नावांची एक वही कार्यालयात ठेवावी आणि दर वर्षी निकालाच्या आठवड्यात ती पालकांसमोर उघडावी. शिष्यवृत्ती देणे पुण्याचेच आहे. ओळखीच्या, भरवशाच्या कारागिराच्या हाताखाली मूल सोपविणेही त्याहून कमी नाही.

त्या माऊलींना मी दोन दिवसांनी उत्तर दिले, "दुकान थांबेल, मुलाचे वय थांबणार नाही. आधी आयटीआय." मुलगा मल्लेपल्लीला इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकच्या वर्गात दाखल झाला. परवा रस्त्यात भेटला. मी विचारले, "रोधक कोठे जोडतात रे?" हसून म्हणाला, "दाराजवळ, आपा. शिडी चढूनच."