लालबागच्या पार्किंगमध्ये लँड रोव्हर

प्रश्न : आमच्या चाळीचा पुनर्विकास झाला आणि घराबरोबर गाडी लावायला जागाही मिळाली. लँड रोव्हरचं वेड शाळेपासूनचं. एका दलालाकडे २०१२ ची फ्रीलँडर २ डिझेल आहे आणि ती आजच्या नव्या लहान एसयूव्हीपेक्षाही स्वस्तात मिळतेय. मुंबईत ही गाडी पोसता येईल का? घेताना काय बघावं?
– एक वाचक, लालबाग

उत्तर : पोसता येईल, पण दलालाने सांगितलेल्या किमतीवरून हिशेब मांडू नका. गाडी जुनी होते तशी तिची किंमत उतरते, तिच्या सुट्या भागांची मात्र उतरत नाही. म्हणून खरेदीनंतर वर्षभराच्या दुरुस्तीसाठी वेगळी रक्कम हाताशी असेल तरच पुढचं वाचा.

पहिली गोष्ट गाडीकडे जाण्याआधीच तपासा. लालबाग-परळच्या नव्या इमारतींत बहुतेक ठिकाणी एकावर एक गाड्या चढवणारं यांत्रिक पार्किंग असतं आणि त्याच्या पाटीवर लांबी, उंची आणि वजनाची मर्यादा दिलेली असते. फ्रीलँडर २ साडेचार मीटर लांब आणि जवळपास पावणेदोन मीटर उंच आहे. खालच्या कप्प्यात सेडान सहज जाते, तिथे ही अडेल. तिची मोठी बहीण डिस्कव्हरी ४ तर अडीच टनांहून जड. सोसायटीच्या सेक्रेटरींकडून त्या मर्यादेचे आकडे लेखी घ्या.

मग गाडीचा जन्म कुठला ते शोधा. बॉम्बे हाऊसमधून कारभार चालणाऱ्या टाटा समूहाने जून २००८ मध्ये फोर्डकडून जग्वार आणि लँड रोव्हर घेतल्या, आणि २०११ पासून फ्रीलँडर २ पुण्यात जोडली जाऊ लागली. त्याआधीच्या गाड्या लिव्हरपूलजवळच्या हेलवूड कारखान्यातून अख्ख्या यायच्या. वरून दोन्ही सारख्याच दिसतात, पण कागदोपत्री फरक पडू शकतो. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. तुमच्या गाडीला २०२७ मध्ये पंधरा पूर्ण होतील, तेव्हा फिटनेस तपासणी, पर्यावरण कर आणि नूतनीकरण असं सगळं एकदम समोर येईल. भारतात बनलेल्या मोटारीला त्या टप्प्यावर नूतनीकरणाची केंद्रीय फी ५,००० रुपये आहे, आयात गाडीला ४०,०००. वीस वर्षांनंतर हेच आकडे १०,००० आणि ८०,००० होतात. ही वाढ ऑगस्ट २०२५ ची. म्हणून आरसीवर ‘आयात’ असा शिक्का आहे का ते बघा आणि चॅसी नंबर देऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून गाडीचा मूळ तपशील काढून घ्या. तिथेच जुन्या सर्व्हिसच्या नोंदीही मिळतात आणि मीटर मागे फिरवला असेल तर तेही उघड होतं.

गाडी दिल्लीहून आलेली असेल तर आणखी सावध. दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर तिकडे निर्बंध आल्यापासून अशा गाड्या मुंबईच्या बाजारात स्वस्तात येतात. त्यांना मूळ आरटीओची एनओसी लागते आणि महाराष्ट्राचा कर नव्याने भरावा लागतो. दलाल स्वस्त किंमत सांगताना हा कर धरत नाही. गाडी मुंबईचीच असेल तर ताडदेव आरटीओत नावावर करण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतील, कर्ज असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५. थकलेली ई-चलानं विकणाऱ्याकडूनच भरून घ्या. विमाही चौदा दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज द्या.

आता यंत्राकडे. फ्रीलँडर २ मध्ये २.२ लिटरचं डिझेल इंजिन आहे आणि मागच्या चाकांना गरजेप्रमाणे ताकद देणारी हॅल्डेक्स नावाची जोडणी आहे. या जोडणीचं तेल आणि फिल्टर वेळच्या वेळी बदलले नाहीत तर तिचा पंप बसतो. मग गाडी गुपचूप पुढच्या दोनच चाकांवर चालत राहते आणि शहरात मालकाला पत्ताही लागत नाही. मागच्या डिफरन्शियलचं बेअरिंग ही या गाडीची जुनी ओळखीची खोड. चाचणीला ईस्टर्न फ्रीवेवर न्या, काचा वर करा, रेडिओ बंद ठेवा आणि साठच्या पुढे मागून बारीक गुणगुण येते का ऐका. चारही टायर एकाच मापाचे आणि साधारण सारखे झिजलेले हवेत. दोन नवे, दोन गुळगुळीत असतील तर मागच्या मालकाने इतर गोष्टींतही काटकसर केलेली असणार. टायमिंग बेल्टला किलोमीटरइतकीच वर्षांचीही मर्यादा असते. कमी चाललेल्या गाडीचा बेल्ट बदलल्याचं बिल नसेल तर तो बदलायचाच आहे असं धरून किंमत पाडा. आणि स्कॅनर लावल्याशिवाय पैसे देऊ नका.

स्वस्तात डिस्कव्हरी ३ किंवा ४ दाखवतील. ती हवेच्या सस्पेंशनवर उभी असते. मालकाला सांगून ती रात्रभर सपाट जागी उभी करवा आणि सकाळी चालू करण्याआधी बघा. एक कोपरा खाली बसलेला असेल तर गळती आहे. तिच्या व्ही-६ डिझेलमध्ये क्रँकशाफ्ट तुटल्याचीही प्रकरणं झालेली आहेत, आणि तसं झालं की इंजिनच बदलावं लागतं. पगारदार माणसाने त्या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मुंबईत सगळ्यात जास्त घाबरायचं ते पाण्याला. गाडी उंच आहे म्हणून हिंदमाताच्या पाण्यात घालणारे पुष्कळ भेटतात. फ्रीलँडर २ ची पाण्यातून जाण्याची मर्यादा ५०० मिलिमीटर, म्हणजे गुडघ्याएवढी, तीही सावकाश आणि लाट न उठवता. पावसात तुंबलेल्या पाण्याखाली खड्डा आहे की उघडं मॅनहोल, ते वरून कळत नाही. पाणी हवेच्या वाटेने इंजिनमध्ये गेलं आणि गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका. पाणी दाबलं जात नाही, पिस्टनचा दांडा वाकतो. ढकलून बाजूला घ्या आणि टोइंगला फोन करा. साध्या विम्यात हे नुकसान सहसा बसत नाही, इंजिन संरक्षणाची जोड वेगळी घ्यावी लागते. विकत घेतानाही गाडी पाण्यात गेली होती का ते तपासा : सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यावर चिखलाची रेघ आहे का बघा, सीटखालच्या रुळांवरचा गंज बघा, कार्पेट उचलून वास घ्या.

सुटे भाग ऑपेरा हाऊसच्या बाजारात आणि कुर्ल्याला जुने मिळतात. बाहेरचा आरसा, दिवा, दाराचं हँडल जुनं चालेल. ब्रेक, बेल्ट आणि बेअरिंग मात्र नवीनच घ्या. गाडी घेण्याआधी लँड रोव्हरवर हात बसलेला एक मेकॅनिक शोधून ठेवा. तो सापडला नाही तर गाडीही घेऊ नका. दुसरं कुणी २०२० नंतरची डिझेल घेणार असेल तर त्याने महिन्यातून एक-दोनदा शिवडीहून अटल सेतूवर सलग फेरी मारावी. दादर-गिरगावच्या रखडत्या रहदारीत तिचा काजळी जाळणारा फिल्टर तुंबतो.

थोडक्यात तुमच्यासाठी निकाल : पुण्यात जोडलेली, मुंबईतच वापरलेली, पूर्ण नोंदी असलेली फ्रीलँडर मिळाली तर घ्या.

प्रश्न : कोकणात मामांकडे साठच्या दशकातली लँड रोव्हर उभी आहे. ‘हिचा पत्रा कधीच गंजत नाही’ असं ते म्हणतात. खरं आहे का? गिरगावात आणून वापरता येईल?
– एक वाचक, गिरगाव

उत्तर : अर्धं खरं. पहिली लँड रोव्हर ३० एप्रिल १९४८ ला ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात आली. युद्धानंतर ब्रिटनमध्ये पोलादावर नियंत्रण होतं, म्हणून रोव्हर कंपनीने अंगाचा पत्रा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा केला. तो लाल गंज धरत नाही. पण खालची चॅसी आणि इंजिन-केबिनमधली भिंत पोलादाचीच आहे, आणि ती कोकणात आतून पोखरली जाते. शिवाय खाऱ्या दमटपणात पोलादाचा बोल्ट ॲल्युमिनियमला टेकला की तिथे ॲल्युमिनियम झिजतं. रंगाखाली फुगे आणि पांढरी भुकटी दिसली की समजा. गिरगावात तर पावसाळ्यात मरीन ड्राइव्हवरून खारे तुषार उडतात, त्यामुळे प्रत्येक फेरीनंतर गोड्या पाण्याने खालून धुवावी लागेल.

यंत्र मात्र साधं आणि दुरुस्त होण्यासारखं. दार्जिलिंगकडे मानेभंज्यांग ते संदकफू या ३१ किलोमीटरच्या चढावर जुन्या लँड रोव्हर आजही पर्यटक वाहतात, आणि तिथल्या मेकॅनिकांनीच त्या जिवंत ठेवल्या आहेत.

पन्नास वर्षांवरच्या गाडीला २०२१ च्या नियमांनुसार ‘व्हीए’ मालिकेतली व्हिंटेज नोंदणी मिळते. फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. मात्र ती प्रदर्शन, रॅली, इंधन आणि दुरुस्तीसाठीच बाहेर काढता येते, रोज कामावर जायला नाही. मामांकडे मूळ आरसी बुक आहे का ते आधी विचारा. असेल तर हातोडी घेऊन चॅसीखाली झोपा आणि मागच्या आडव्या पट्टीपासून पुढपर्यंत ठोकत या. खणखणीत आवाज आला तर ती मुंबईला आणा. बद्द आवाज आला तर आधी चॅसीचं काम कोकणातच करून घ्या.