न्यू जर्सीची कॅसेट, पुण्यातला व्हीसीआर

प्रश्न : १९९२ साली न्यू जर्सीत झालेल्या दादाच्या लग्नाची कॅसेट आमच्या व्हीसीआरवर नुसती थरथरते. फॉरमॅट बदलणारा व्हीसीआर घ्यावा का?

उत्तर : कॅसेट बहुधा शाबूत आहे. अडचण चित्रपद्धतीची आहे. अमेरिकेतली एनटीएससी पद्धत ५२५ रेषांची, सेकंदाला सुमारे ३० चित्रं. आपली पाल ६२५ रेषांची, २५ चित्रं. पॅनासॉनिक एजी-डब्ल्यू१सारखं यंत्र हा हिशेब आतल्या आत जुळवतं. पण ते आता जुनंच मिळणार, आणि एका कॅसेटसाठी एवढा खटाटोप कशाला? एनटीएससी चालवणारा मल्टिसिस्टिम व्हीसीआर कुणाकडून मागून आणा, कॅसेट तशीच संगणकावर उतरवा. संगणकाला दोन्ही पद्धती सारख्याच. त्याआधी कॅसेटचं पुढचं झाकण उचलून बघा. फितीच्या कडेला पांढरी बुरशी दिसली, तर ती मागून आणलेल्या यंत्रात मुळीच घालू नका!