भिंतीची ओल आणि खर्चाचे खाते

दुरुस्तीचा खर्च महसुली आणि मालमत्तेत भर घालणारा खर्च भांडवली, हे आपण वाणिज्य शाखेच्या पहिल्याच वर्षी शिकतो. घरच्या भिंतीला ओल आली तेव्हा मात्र तो खर्च कोणत्या सदरात घालावा, हे मला कळेना.

आमचे बेळगावचे घर आजोबांच्या वेळचे, दगड-मातीचे. पुढच्या खोलीला २०१८ साली आम्ही सिमेंटचा गिलावा करून घेतला. दुसऱ्याच पावसाळ्यात रंगाचे पापुद्रे सुटले आणि गुडघ्यापर्यंत लोणा फुटला. त्याच भिंतीला लागून आजीचा पलंग. पावसाळाभर तिचा खोकला थांबेना. एका ठेकेदाराने जुना गिलावा पाडून पुन्हा सिमेंटचाच, पण 'वॉटरप्रूफ' करण्यासाठी २२,००० रुपये सांगितले. घरात तेवढी रक्कम होती, ती माझ्या फीची.

गल्लीतले एक म्हातारे कानडी गवंडी सहज डोकावले. भिंतीवर हात फिरवून म्हणाले, "तम्मा, भिंत आतनं रडायलीय आणि तुम्ही तिचं तोंड बांधलासा." त्यांच्या बोलण्याचा अर्थ मी पुढे समजून घेतला तो असा. दिव्याची वात तेल ओढते तशी माती-दगडाची भिंत जमिनीतले पाणी वर ओढते. चुन्याचा गिलावा सच्छिद्र असल्यामुळे ते पाणी हवेत उडून जाते. सिमेंटचा गिलावा घट्ट. पाणी आत कोंडते, आणखी वर चढते आणि त्यातले क्षार रंगाच्या मागे साचून त्याला ढकलतात. म्हणजे ठेकेदाराचा उपाय हाच आमचा रोग होता!

प्रथम ओल कोठून येते ते ठरवावे. प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून दोन दिवस भिंतीवर ठेवावा. भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर पाणी भिंतीतले, खोलीकडच्या बाजूला जमले तर हवेतले. आमचे भिंतीतले निघाले. बाहेर पाहतो तो दरवेळच्या डांबरीकरणाने रस्ता उंच झालेला आणि माती जोत्याच्या वर आलेली. ती माती खणून काढून पाणी भिंतीपासून दूर जाईल असा उतार दिला. माझ्या मते अर्धे काम येथेच झाले, आणि त्याला फक्त घाम लागला.

मार्चमध्ये छिन्नी-हातोड्याने सिमेंट काढले, ओलीच्या रेषेच्या वर दीड फुटापर्यंत. लोणा कोरड्या कुंच्याने झाडून घरापासून लांब टाकला. तो पाण्याने धुऊ नये, क्षार विरघळून परत आत शिरतात. सहा आठवडे भिंत उघडी ठेवली. आलेले पाहुणे काय म्हणाले ते येथे लिहीत नाही.

मे महिन्यात एक भाग चुना आणि तीन भाग वाळू असा गिलावा गवंडीमामांनी दोन दिवसांत केला. मी थापी धरायला शिकलो. हा गिलावा हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून सावकाश कठीण होतो, म्हणून काही दिवस त्यावर पाणी शिंपडत राहावे लागते.

सफेदीच्या वेळी मात्र मी फजीत झालो. कळीच्या चुन्याचे खडे प्लॅस्टिकच्या बादलीत टाकले आणि वरून तांब्याभर पाणी ओतले. चुना फसफसून उकळू लागला, बादली वाकली, शिंतोडे कपाळावर उडाले. डोळा थोडक्यात वाचला. मामा माझ्यावर कानडीतून इतके रागावले की त्यातला 'सुण्ण' एवढाच शब्द मला नीट कळला, एरवी मला कानडी चांगले येते! रीत अशी: लोखंडी पिंपात आधी भरपूर पाणी घ्यावे, मग त्यात थोडा थोडा चुना सोडावा, डोळ्यांवर चष्मा आणि हातांत रबरी मोजे हवेतच. एक-दोन दिवस मुरू द्यावा, फडक्यातून गाळावा, दुधाइतका पातळ करावा. चिकटपणासाठी डिंक आणि किंचित नीळ घालावी. काही लोक मीठ घालतात. ओलीच्या भिंतीला ते नको, मीठ हवेतली ओल ओढते. भिंत आधी भिजवून तीन पातळ हात द्यावेत. ओला असताना चुना दिसतच नाही. त्या भ्रमाने मी पहिला हात जाड दिला आणि त्याला भेगा पडल्या.

आता हिशेब. मामांची मजुरी १,८००, चुना ६२०, वाळू ७००, हत्यारे व कुंचा ५४०, चष्मा-मोजे २८०. एकूण ३,९४० रुपये. माझे नऊ दिवस यात नाहीत. बिगाऱ्याच्या ६०० रुपये रोजाने तो संधी खर्च ५,४०० होतो. तो धरला तरी ९,३४०. सरांना विचारले तेव्हा ते म्हणाले, भिंत पूर्वस्थितीला आणली, म्हणून महसुली. २०१८ चा गिलावा आम्ही सुधारणा समजून केला होता, तो कोठे घालावा, यावर ते नुसते हसले.

चुन्याने ओल नाहीशी होत नाही, तिला फक्त बाहेर वाट मिळते. या पावसाळ्यानंतर खिडकीखाली वीतभर लोणा पुन्हा दिसला. तो मी कुंच्याने झाडला आणि तेवढ्याच जागेवर चुन्याचा एक हात दिला. आजीचा पलंग आम्ही भिंतीपासून हातभर दूर सरकवला आहे. तिला ते आवडलेले नाही.