माणसानें घडविलेला जीव

सन २०१० मध्यें अमेरिकेंत क्रेग व्हेंटर यांच्या मंडळीनें प्रयोगशाळेंत रचलेला जनुकसंच जंतूच्या पेशींत घालून ती जगविली. अशा जीवांपासून औषधें व इंधन मिळण्याची आशा आहे; धोकाहि आहे. परकें जनुक घातलेलें पीक तर आपण पेरतोंच.

सन २००२ मध्यें मान्य झालेल्या बीटी कपाशींत जमिनींतील जंतूचें जनुक असल्यानें बोंडअळी मरूं लागली. पुढें ४५० ग्रॅम बियाण्यासोबत साध्या सरकीची १२० ग्रॅमची पुडी मिळे. त्या झाडांवर साधी अळी जगावी, तिचे पतंग विष पचविणाऱ्यांशीं मिसळावे व तशी प्रजा माजूं नये, हा हेतु. कुहीकडे पुष्कळांनीं, आम्हींहि, पुडी पेरलीच नाहीं. २०१७ सालीं गुलाबी अळीनें विदर्भांतील बोंडें पोखरलीं.

सातबाऱ्यावरील चुकीची नोंद दुरुस्त होते. अळीच्या अंगीं मुरलेली शक्ति खोडतां येत नाहीं. नवा जीव शेतांत येण्यापूर्वीं त्याचे नियम वाचावे व पाळावे.