शेजारच्या घरात नाही, मग आमच्याच घरात रेडॉन कसा?

प्रश्न : मुलगी-जावई पेनसिल्व्हेनियात घर घेताहेत. तपासणीत तळघरात रेडॉन ९ निघाला म्हणे. शेजाऱ्यांकडे मात्र काहीच नाही! सौदा मोडावा, की फटी सिमेंटने बुजवून भागेल? (एक वाचक, पुणे)

उत्तर : सौदा मोडायची घाई नको. ९ म्हणजे लिटरभर हवेत ९ पिकोक्युरी. तिथल्या सरकारी पर्यावरण संस्थेचं म्हणणं असं, की आकडा ४ किंवा जास्त आला तर उपाय करा. तेव्हा उपाय करायला हवा, आणि तो बहुधा एका दिवसाचं काम असतो.

माती-खडकात थोडं युरेनियम असतंच. त्याच्या विघटनातून रेडियम आणि रेडियमपासून रेडॉन हा किरणोत्सर्गी वायू तयार होतो. उघड्यावर तो विरून जातो. पण थंडीत घर तापवलं की गरम हवा वरून निसटते आणि तिची जागा भरायला घर धुराड्यासारखं खालून हवा ओढतं. फरशीच्या फटी, पाइपांभोवतीची भोकं, सगळीकडून रेडॉन आत येतो. वास नाही, रंग नाही. वर्षानुवर्षं श्वासातून गेला की फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो, आणि घरात कुणी सिगारेट ओढत असेल तर त्याला फारच.

खालचा खडक, फटी आणि बांधणी घरागणिक वेगळी, म्हणून शेजाऱ्याच्या आकड्यावर विसंबू नये. एखाद्या घरात तो किती साठू शकतो पाहा. १९८४ मध्ये त्याच राज्यातल्या लिमरिक अणुवीज केंद्रात एका अभियंत्यामुळे किरणोत्सर्गाचा गजर सारखा वाजे. वीजनिर्मिती तर सुरूच व्हायची होती! शेवटी एकदा तो कामावर येताच थेट यंत्रासमोर उभा राहिला, तरी गजर वाजला. दोष त्याच्या घराचा निघाला. तिथे आकडा २,७०० च्या आसपास होता.

मोजणी सोपी आहे. कोळशाची डबी दोन ते सात दिवस, दारं-खिडक्या मिटून, वावर असलेल्या सर्वांत खालच्या मजल्यावर ठेवायची आणि प्रयोगशाळेत पाठवायची. स्वयंपाकघर, न्हाणीघर टाळावं. रेडॉन ऋतूप्रमाणे बदलतो, त्यामुळे घाई नसेल तर तीन महिन्यांहून जास्त चालणारी चाचणी अधिक भरवशाची.

नुसत्या फटी बुजवून भागत नाही. वायू दुसरी वाट शोधतो. खरा इलाज म्हणजे फरशीला भोक पाडून पाइप बसवायचा, पंख्याने खालची हवा ओढून छपरावर सोडायची. फरशीखालचा दाब घरातल्यापेक्षा कमी झाला की वायू आत येतच नाही. फटी बुजवणं हे त्याला पूरक.

(पुण्यातल्या आपल्या घराची काळजी? दख्खनच्या काळ्या दगडात युरेनियम ग्रॅनाइटपेक्षा कमी असतं, आणि आपल्या खिडक्या बहुतेक उघड्याच.)

काम झाल्यावर पुन्हा मोजून घ्यायला सांगा. शिवाय त्या पाइपवर रंगीत द्रव भरलेली, इंग्रजी 'यू'च्या आकाराची नळी असते. तिच्या दोन्ही बाजूंची पातळी वर-खाली दिसली की कन्येचा फोन येईल, "बाबा, बिघडलं वाटतं!" तिला सांगा, पातळी समान दिसली तर पंखा बंद पडलाय.